ग्रीन आणि बंकरची निगा: उन्हात, पावसात आणि थंडीत

गोल्फ कोर्सवर नव्याने कामाला लागलेल्या माणसाच्या हातात बहुतेक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, येतो. मला विचाराल तर त्याआधी हातात यायला हवी ती लांब पात्याची सुरी. ग्रीन म्हणजे ज्या होलमध्ये चेंडू घालायचा त्याच्याभोवतीचा आखूड कापलेल्या गवताचा भाग. त्याच्या कडेला, जिथे होल कधी पाडला जात नाही अशा जागी गुडघे टेकून बसा. पाचर कापावी तसा वीतभर खोल तुकडा गवतासकट अलगद उपसा आणि उजेडात धरून बघा.

वर दिसणारं गवत जेमतेम ३-४ मिलिमीटर उंचीचं असतं. खरी हकीकत खाली असते. मुळं पांढरी आणि लांब आहेत की तपकिरी आणि आखूड? गवताच्या बुडाशी मेलेल्या काड्यामुळांचा स्पंजासारखा थर असतो, त्याला आपण थॅच म्हणतो. तो किती जाड आहे? वाळूत वेगवेगळ्या रंगांचे पट्टे दिसतात का? मग तो तुकडा नाकाशी धरा. ओल्या मातीचा ताजा वास आला तर ठीक. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि वाळूत काळा पट्टा दिसला, तर समजा की तिथे पाणी कोंडलंय, हवा संपलीय आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी गंधकाचे वायू सोडायला सुरुवात केलीय. त्या काळ्या थरात मुळं उतरत नाहीत. बघून झालं की तुकडा त्याच जागी बसवा, पायाने दाबा, थोडं पाणी घाला. प्रत्येक ग्रीनवर महिन्यातून एकदा हे करायची सवय लावून घ्या.

शेतकऱ्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांत हवा आणि बारीक पोकळ्यांत पाणी, अशी जमिनीची अवस्था. मुळांना दोन्ही लागतं. ऊन वाफशातलं पाणी पळवतं, पाऊस हवा पळवतो, थंडी गवताची वाढच थांबवते. ग्रीनवरचं वर्षभराचं प्रत्येक काम, मग ते भोकं पाडणं असो, वाळू टाकणं असो की पाणी देणं असो, शेवटी हा वाफसा राखण्यासाठी आहे. नवीन माणसाने एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली तर बाकीची कामं आपोआप जागेवर बसतात.

ग्रीनच्या पोटात काय आहे

चांगल्या बांधणीच्या ग्रीनमध्ये बागेतली माती नसते. अमेरिकेतल्या यूएसजीए या गोल्फ संस्थेने १९६० मध्ये ग्रीन बांधण्याची पद्धत पहिल्यांदा प्रसिद्ध केली आणि सुधारणा होत होत तीच आज जगभर वापरली जाते. सर्वांत खाली चरांमध्ये ड्रेनचे पाइप, त्यावर साधारण १०० मिलिमीटर खडी आणि त्यावर साधारण ३०० मिलिमीटर वाळूचं मिश्रण, ज्यात मुळं वाढतात. बारीक वाळूतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वाळूचा थर तळाशी पुरेसा भिजला की मगच ते खाली सुटतं. त्यामुळे हा ग्रीन हलक्या उन्हात ओल धरून ठेवतो आणि मुसळधार पावसात जादा पाणी सोडून देतो.

हे समजून घ्यायचं कारण असं की नवशिक्याच्या हातून होणारं सगळ्यांत मोठं नुकसान याच नियमातून होतं. वरून वेगळ्या जाडीची वाळू किंवा बाहेरची माती पसरली की नवा थर तयार होतो आणि पाणी त्या सांध्यावर अडतं. म्हणून ग्रीनवर पडणारी वाळू खाली आहे त्याच जातीची, त्याच जाडीची असली पाहिजे. स्वस्त मिळाली, जवळ मिळाली म्हणून दुसरी वापरायची नाही. चूक झाली तर ती पुढची कित्येक वर्षं सुरीच्या तुकड्यात पट्टा बनून दिसत राहते.

जुन्या कोर्सवर ग्रीन नुसत्या मातीचे असतात. तिथे हेच तत्त्व लागू पडतं, फक्त चुकायला जागा कमी असते, कारण माती दबते लवकर आणि वाळते उशिरा.

आपलं गवत कोणतं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बर्म्युडा आणि पास्पॅलम ही उष्ण हवामानाची गवतं. ती ३० अंशांच्या उन्हात खुशीत वाढतात आणि जमीन १० अंशांच्या आसपास थंड झाली की झोपी जातात. बेंटग्रास थंड हवामानाचं. १५ ते २४ अंशांत ते उत्तम असतं आणि कडक उन्हाळ्यात तग धरून राहतं, एवढंच. एकाचा हंगाम तो दुसऱ्याचा कसोटीचा काळ. खाली जिथे ‘वाढीचा काळ’ म्हटलंय तिथे तुमच्या गवताचा वाढीचा काळ समजायचा.

रोजची सकाळ

उजाडायच्या सुमारास ग्रीनवर पोहोचा. दव पडलेला ग्रीन बरंच काही सांगतो. दवाची चादर सगळीकडे सारखी असेल तर गवत ठीक आहे. मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तिथलं गवत बहुधा तहानलेलं असतं. पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे आणि ऊन चढलं की हे धागे दिसेनासे होतात. म्हणून नऊ वाजता येणाऱ्याला रोग दिसतच नाही, दिसतो तो चार दिवसांनी, पिवळा पडल्यावर.

आधी एकदा पूर्ण ग्रीनवरून चाला. काडी, खडा, तुटलेली टी (चेंडू ठेवायची खुंटी) उचला. एक खडा मोअरच्या पात्याला खाच पाडतो आणि ती खाच पुढच्या सगळ्या ग्रीनवर रेघ बनून उमटते. चेंडू पडून झालेले खड्डे बुजवा. यात बहुतेक जण हत्यार खाली घालून मधला भाग वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी ठिपका राहतो. हत्यार खड्ड्याच्या कडेला बाहेरून टोचा, कडेचं गवत मध्याकडे ढकला, चारही बाजूंनी असंच करा आणि शेवटी पटरने (ग्रीनवर चेंडू ढकलायच्या क्लबने) किंवा तळपायाने हलकं दाबा.

मग दव काढा. लांब लवचीक काठी ग्रीनवरून झाडू फिरवावा तशी फिरवली की पुरतं. पाती जितका वेळ ओली तितका वेळ बुरशीला मिळतो. ज्या दिवशी गवत कापायचं नसेल त्या दिवशीही दव काढायचंच.

कापणीआधी मोअरची धार तपासा. फिरतं पातं आणि खालचं स्थिर पातं यांमध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरा. टोकापासून टोकापर्यंत कागद कात्रीने कापल्यासारखा सरळ कापला गेला पाहिजे. कुठे दुमडला, फाटला तर यंत्र परत न्या. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. टोकं पांढरट होतात आणि त्या जखमांतून रोग शिरतो. कापणीची दिशा रोज बदला: आज घड्याळातल्या बारा ते सहा, उद्या दीड ते साडेसात, परवा तीन ते नऊ. ग्रीनच्या कडेने फिरणारा शेवटचा गोल फेरा मात्र रोज त्याच चाकोरीतून जातो. तिथली जमीन दबलेली वाटली किंवा रान ओलं असलं, तर एक-दोन दिवस तो फेरा सोडून द्या. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीही कापू नका.

कापलेलं गवत टोपलीतून फेकण्याआधी प्रत्येक ग्रीनवर किती निघालं ते बादलीत मोजा आणि लिहा. खत जास्त झालं, ओल कमी पडली, थंडी सुरू झाली, यातलं काहीही डोळ्यांना दिसायच्या आधी या आकड्यात दिसतं.

होलची जागा बदलताना नवं भोक सरळ उभं पाडा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर ठरलेला आहे आणि आतला कप पृष्ठभागापासून किमान २५.४ मिलिमीटर खाली बसवायचा असतो. जुन्या होलमध्ये गवताचा ठोकळा बसवताना तो आजूबाजूच्या गवताच्या नेमक्या पातळीवर आणा. किंचित वर राहिला तर उद्याचा मोअर त्याला सोलून काढतो, खाली राहिला तर चेंडू उडतो. बसवल्यावर तिथे हात फिरवून बघा. डोळे फसतात, तळहात फसत नाही.

ऊन वाढू लागलं की

बेंटग्रासच्या ग्रीनवर उन्हाळ्याची तयारी उन्हाळ्याच्या दीड-दोन महिने आधी संपली पाहिजे. भोकं पाडून, वाळू भरून, मुळं खोल उतरलेली असतील तर गवत उन्हात टिकतं. ऊन सुरू झाल्यावर मुळं वाढवता येत नाहीत, आहेत ती फक्त वाचवता येतात.

पहिली गोष्ट, कापणीची उंची थोडी वाढवा. अर्धा मिलिमीटरही खूप होतो. चेंडूचा वेग कमी झाला अशी तक्रार येईल. वेग मोजायला स्टिंपमीटर वापरतात: एडवर्ड स्टिंपसन यांनी १९३५ ची अमेरिकन ओपन ही गोल्फ स्पर्धा पाहिल्यावर सुचवलेली साधी खोबणीची पट्टी, जिच्यावरून चेंडू घरंगळून किती फूट जातो ते मोजायचं. उन्हाळ्यात हा आकडा एखाद्या फुटाने कमी झाला तर होऊ द्या. एक दिवसाआड कापा आणि मधल्या दिवशी हलका रोलर फिरवा. वेग बऱ्यापैकी टिकतो आणि पात्यांवरचा ताण वाचतो.

पाणी पहाटे द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर पात्यांवर राहतं. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा मुळांच्या खोलीपर्यंत पोहोचेल एवढं द्या आणि पुढच्या वेळेआधी वरचा थर थोडा सुकू द्या. दुपारी ग्रीनवरून चालून मागे वळून बघा. पाऊलखुणा लगेच पुसल्या जात नसतील, गवताला निळसर-करडी झाक आली असेल, तर ते माना टाकायच्या बेतात आहे. अशा वेळी स्प्रिंकलरने अख्खा ग्रीन भिजवू नका. हातात पाइप घेऊन फक्त त्या ठिपक्यांना पाणी द्या. काही ठिपके पाणी पीतच नाहीत. वाळूच्या कणांवर मेणासारखं आवरण चढतं आणि थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात. तिथे बारीक टोच्याने भोकं पाडून, पाणी मुरवणारं औषध देऊन मग सावकाश पाणी द्यायचं.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस करतो. कामाला लागल्यावर पहिल्या उन्हाळ्यात भर दुपारी एका ग्रीनने माना टाकलेल्या दिसल्या. मी स्प्रिंकलर सुरू केला. तासाभराने पुन्हा तेच, पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशी ग्रीनचा सखल भाग तांबूस झाला आणि आठवड्याने मेला. जमीन कोरडी नव्हतीच, ती आधीच गच्च भिजलेली होती. मुळांना हवा मिळत नसल्यामुळे ती गुदमरून पाणी उचलू शकत नव्हती आणि मी वरून आणखी पाणी ओतत होतो. तेव्हापासून सुरी किंवा ओल मोजायचं यंत्र जमिनीत घातल्याशिवाय मी दुपारी नळ उघडत नाही. प्रत्येक ग्रीनचा माना टाकण्याचा आकडा वेगळा असतो. तो त्या यंत्रावर टिपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज करावा लागत नाही.

दुपारी पात्यांवर नुसता धुक्यासारखा फवारा मारणं हे वेगळं काम. त्याचा हेतू जमीन भिजवणं हा नसून पात्यांवरचं पाणी उडून जाताना त्यांना गार करणं हा असतो. मिनिटभर पुरे. हवा दमट असेल तर पाणी उडतच नाही, मग फवाऱ्याचा उपयोग फारसा होत नाही. तेव्हा झाडीच्या आडोशाला असलेल्या ग्रीनला वारा मिळेल अशी सोय करणं जास्त कामाचं. सकाळचं ऊन अडवणाऱ्या फांद्याही याच विचाराने छाटायच्या.

या काळात नत्र अगदी थोडं थोडं, फवाऱ्यातून द्या. पालाश मात्र कमी पडू देऊ नका, पेशींतल्या पाण्याचा तोल तेच सांभाळतं.

पावसात

पावसाळ्याचं पहिलं काम म्हणजे ड्रेनची तोंडं शोधणं. ऐकायला सोपं वाटतं, पण कित्येक कोर्सवर पाइप कुठे बाहेर पडतात हे कोणालाच ठाऊक नसतं. तोंडावर गवत उगवलेलं असतं, गाळ भरलेला असतो. पावसाआधी प्रत्येक तोंड मोकळं करा, वरच्या बाजूने पाणी सोडून खालून ते स्वच्छ येतं का बघा आणि तिथे खूण रोवा. मोठा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने तिथे जाऊन उभे राहा. पाणी वाहत असेल तर ग्रीन काम करतोय. ग्रीनवर डबकं आहे आणि पाइप कोरडा आहे, तर दोष वरच्या काही सेंटिमीटरमध्ये आहे: थॅच, दबलेली जमीन किंवा बाहेरून आलेला गाळ.

डबकं रबरी वायपरने उतारावरून बाहेर ढकला आणि ऊन पडायच्या आत ढकला. पावसानंतर लख्ख ऊन पडलं की उथळ साचलेलं पाणी तापतं आणि त्याखालचं गवत अक्षरशः शिजतं. हे काही तासांत होतं.

ओल्या ग्रीनवर यंत्र नेऊ नका. टाचेने दाबून बघा. पाणी वर येत असेल तर आज कापणी नाही. दोन दिवस गवत वाढलं तर वाढू दे. तिसऱ्या दिवशी पातं एकदम नेहमीच्या उंचीवर न आणता थोडं वर ठेवून कापा, मग एक-दोन दिवसांत खाली आणा. हातानं ढकलायचा मोअर या दिवसांत बसून चालवायच्या यंत्रापेक्षा खूप बरा, कारण त्याचं वजन कमी.

रोगांमध्ये पावसाळ्यात ज्याची खरी धास्ती घ्यायची तो पिथियम. दिवस ३० अंशांच्या वर, रात्र २० च्या वर आणि हवा चिकट, अशा हवेत तो येतो. सकाळी गवत काळपट, तेल लागल्यासारखं दिसतं, वर कापसासारखी बुरशी असते आणि हाताला पाती बुळबुळीत लागतात. तो पाण्याच्या वाटेने आणि मोअरच्या चाकांवरून पसरतो. असा ठिपका दिसला तर तो ग्रीन सगळ्यांत शेवटी घ्या किंवा त्या दिवशी सोडा, यंत्र धुऊन मगच पुढे न्या आणि वरिष्ठांना तेव्हाच कळवा. संध्याकाळपर्यंत थांबू नका, एका रात्रीत अख्खा ग्रीन जाऊ शकतो. डॉलर स्पॉट त्यामानाने सौम्य: नाण्याएवढे वाळक्या गवताच्या रंगाचे ठिपके, पात्यावर मध्ये फिकट आणि कडेला तांबूस असा डाग. तो बहुधा नत्र कमी पडल्याची खूण असतो. दव काढणं, थोडं नत्र आणि रोलर यांनी पुष्कळ आटोक्यात राहतो. औषध मारायचंच झालं तर रोग ओळखून, लेबलवरचं प्रमाण वाचून. ‘खबरदारी म्हणून थोडं जास्त’ हा प्रकार गवताला आणि खालच्या पाण्याला दोन्हीला घातक आहे.

ढगाळ हवा आठवडाभर राहिली की ग्रीनवर शेवाळ धरतं. विरळ गवत, सावली आणि सतत ओल असेल तिथेच ते येतं, म्हणून ते खरवडून काढलं तरी कारण शोधावं लागतंच.

थंडीत

थंडीचं मुख्य काम हात आवरणं हे आहे. वाढ मंदावली की कापणी कमी करा, उंची वाढवा, पाणी कमी करा. नत्राचा मारा करून थंडीत गवत हिरवं ठेवायचा हट्ट धरू नका. कोवळ्या पात्यांवर थंडीतली बुरशी, विशेषतः मायक्रोडोकियम, लगेच बसते.

दव गोठलेलं असेल तर ग्रीनवर कोणीही पाय ठेवायचा नाही, खेळणाऱ्यांनी नाही आणि आपणही नाही. पात्यातलं पाणी गोठलेलं असतं. पायाच्या वजनाखाली पेशी काचेसारख्या फुटतात. त्या वेळी काहीच दिसत नाही. दुपारी बुटांचे ठसे काळे पडलेले दिसतात आणि वाढ थांबलेली असल्यामुळे ते कित्येक आठवडे तसेच राहतात. हिम वितळेपर्यंत कोर्स बंद ठेवावा लागला तर तो ठेवायचा. जमीन वरून वितळलीय आणि खाली गोठलीय अशी अवस्था त्याहून वाईट, कारण चालताना वरचा थर सरकतो आणि मुळं तुटतात.

बर्म्युडाच्या ग्रीनवर पारा उणे ४ अंशांच्या खाली जायची चिन्हं असली की आच्छादन घालतात. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात मऊ बर्फ गवताला पांघरुणासारखा असतो. घात करतो तो वितळून पुन्हा गोठलेला कडक थर, जो हवा तोडतो. म्हणून पाणी ग्रीनबाहेर निघून जायच्या वाटा थंडीआधीच मोकळ्या हव्यात.

भोकं पाडणं आणि वाळू टाकणं

या कामाने ग्रीन पंधरा-वीस दिवस कुरूप दिसतो, खेळणारे नाराज होतात आणि म्हणून ते पुढे ढकललं जातं. ढकलू देऊ नका. वाढीच्या काळातच ते करायचं, कारण भोकं भरून यायला गवत जोमात असावं लागतं: उष्ण हवामानाच्या गवताला उन्हाळ्यात, बेंटग्रासला वसंतात आणि उन्हाळा सरता सरता.

पोकळ टाइन (भोकं पाडणारे दाते) साधारण १२ मिलिमीटर व्यासाचे, खोली ७५ ते १०० मिलिमीटर, अंतर ५० मिलिमीटर. निघालेले कोर, म्हणजे मातीच्या कांड्या, गोळा करून बाहेर टाका, ते परत चुरू नका. त्यात तुम्हाला काढायचा असलेला थॅचच भरलेला असतो. मग कोरडी वाळू पसरून ब्रशने भोकं काठोकाठ भरा. वाळू ओली असेल तर ती तोंडाशीच अडकते आणि खाली पोकळी राहते. एका भोकात काडी घालून बघा, लगेच कळतं. भोक काडीला अडवत नसेल तर पुन्हा ब्रश फिरवा. पाणी द्या आणि चार-पाच दिवस मोअर उंच ठेवा.

याशिवाय वाढीच्या काळात दर दोन-तीन आठवड्यांनी वाळूचा हात फिरवायचा, इतका हलका की दुसऱ्या दिवशी ती दिसू नये. ही रीत जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सची एकोणिसाव्या शतकात देखभाल करणारे ओल्ड टॉम मॉरिस ग्रीनवर सतत वाळू टाकत राहायचे. ढकलगाडीतली वाळू चुकून ग्रीनवर सांडली आणि तिथलं गवत सुधारलं, त्यावरून त्यांना हे उमगलं असं सांगतात.

बंकर

बंकर हा कोर्सवरचा वाळूचा खड्डा. त्यात गवत नाही, म्हणून काम सोपं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बंकर म्हणजे पाण्याचं काम आहे. तो खोलगट असतो, आजूबाजूचं पाणी तिथेच येऊ बघतं आणि वाळूचं सगळं आयुष्य त्या पाण्यासोबत येणाऱ्या गाळावर अवलंबून असतं.

वाळू तळाशी १०० ते १५० मिलिमीटर आणि भिंतीवर ५० ते ७५ मिलिमीटर हवी. भिंतीवर जाड थर दिला की तो घसरतो. तळाशी पातळ झाला की खेळणाऱ्याचा क्लब खालच्या मातीला किंवा अस्तराला लागतो. सळईवर खुणा करून घ्या आणि प्रत्येक बंकरमध्ये पाच-सहा जागी ती टोचून महिन्यातून एकदा खोली मोजा. वाळूचे बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरचे आणि कोनेदार असावेत. गोल कणांची वाळू भिंतीवर टिकत नाही आणि चेंडू तिच्यात अर्धा रुतून बसतो.

वाळू खराब झाली का हे बघायला काचेची बाटली पुरते. अर्धी वाळू, वर पाणी, झाकण लावून हलवा आणि ठेवा. मिनिटभरात पाणी नितळ झालं तर वाळू अजून चांगली आहे. दूध-चहासारखं गढूळ राहिलं आणि हळूहळू वर साय धरावी तसा गाळाचा थर बसला, तर ती वाळू आता पाणी सोडत नाही.

पावसाने भिंतीवरची वाळू खाली वाहून आली की क्रम असा ठेवा.

१. आधी पाणी जाऊ द्या. जात नसेल तर पंपाने काढा आणि ड्रेन तुंबलाय अशी नोंद करा.

२. तळाच्या वाळूवर तपकिरी, पापुद्र्यासारखा गाळ बसलेला असतो. तो सपाट फावड्याने अलगद खरवडून घमेल्यात भरा आणि बाहेर न्या.

३. मग स्वच्छ वाळू खालून वर भिंतीवर ढकला. ती किंचित ओली असतानाच हे करा, कोरडी वाळू थांबत नाही.

४. भिंतीवरची वाळू धुम्मसाने किंवा फावड्याच्या पाठीने ठोकून बसवा.

५. सळईने खोली तपासा आणि शेवटी दंताळं फिरवा.

दुसरी पायरी घाईत गाळली जाते. पापुद्रा तसाच वाळूत मिसळला की प्रत्येक पावसागणिक गाळ वाढत जातो आणि दोन-तीन वर्षांत चांगल्या बंकरचं तळं होतं. पंधरा मिनिटांचं हे खरवडणं अख्खी वाळू बदलण्याचा खर्च वाचवतं. त्याच भिंतीवरून दर वेळी वाळू घसरत असेल तर वर चढून बघा, पाणी कुठून येतंय. बंकरच्या वरच्या अंगाला गवताचा उथळ, रुंद चर काढून पाणी बाजूला वळवलं तर रोग मुळातून जातो.

दंताळं फिरवताना मध्यापासून कडेकडे सावकाश या आणि भिंतीवर खालून वर ओढा. वरून खाली ओढलं की रोज थोडी वाळू तुम्हीच खाली आणता. यंत्राने करत असाल तर तळापुरतंच करा, भिंती आणि कडेचा फूटभर पट्टा हाताने. वळताना वेग कमी ठेवा, नाहीतर चाकं वाळू बाहेर फेकतात आणि दाते अस्तराला लागतात.

कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत वाळू भुसभुशीत होऊन उडते. तेव्हा पहाटे हलकं पाणी मारा आणि दंताळं रोज फिरवू नका. पाऊलखुणा बुजवा, बाकीची वाळू बसू द्या. पानगळीत पानं रोज काढा, कुजली की तीही गाळच. थंडीत वाळू गोठली असेल तर दंताळं ठेवून द्या. स्कॉटलंडकडच्या लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या, कोर्सवर गवताचे ठोकळे रचून भिंती उभारतात, ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलवरचा रोड बंकर त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्या ऊन-पावसाने ढासळतात आणि दर काही वर्षांनी नव्याने रचाव्या लागतात. ते काम थंडीत करतात.

बंकरमधून मारलेल्या प्रत्येक फटक्याबरोबर मूठभर वाळू ग्रीनच्या काठावर पडते. ती रोज ब्लोअरने किंवा ब्रशने पसरवा. तशीच राहिली तर वर्षागणिक काठ उंचावत जातो, ग्रीनवरचं पाणी अडतं आणि तो उंचवटा उन्हात सगळ्यांत आधी सुकतो. बंकरची कड कापताना मूळ रेघ सोडू नका. दर वेळी बोटभर गवत जास्त कापलं गेलं तर काही वर्षांत बंकरचा आकारच बदलतो. आधी रंगाने खूण करा, मग कापा.

एक तोल मात्र सांभाळा. माणसं कमी असतील, वेळ कमी असेल, तर आधी ग्रीन. बंकर हा अडथळा म्हणूनच ठेवलेला असतो, तिथली वाळू एखादा दिवस विस्कटलेली राहिली तर काही मरत नाही. ग्रीनवरचा चुकलेला एक दिवस भरून यायला महिना लागतो.

या सगळ्याची एक वही ठेवा. तारीख, पाऊस किती मिलिमीटर, कापलेलं गवत किती, कोणत्या ग्रीनवर कुठे डबकं साचलं, कोणत्या बंकरची कोणती भिंत घसरली, पाणी किती तासांनी उतरलं. शक्य असेल तिथे हाताने नकाशा काढून त्यावर खूण करा. पुढचा पाऊस सुरू व्हायच्या दोन महिने आधी ही वही उघडायची आणि जिथे सगळ्यांत जास्त खुणा आहेत त्या ग्रीनच्या ड्रेनपासून काम सुरू करायचं.